ओडिनचा दुसरा डोळा

१० सप्टेंबर २००६, रविवार
आजपासून पुन्हा चित्रं काढणार. कारण देवदत्त नाही. हे आधीच लिहून ठेवतो.

झालं असं की इथल्या आर्ट सेंटरमध्ये पुढच्या महिन्यात हौशी लोकांच्या चित्रांचं प्रदर्शन आहे. विषय: व्हायकिंग आणि त्यांचे देव. का, तर आयर्लंडचं मूळ डब्लिन म्हणे व्हायकिंगांनी वसवलं, आणि आमच्या ओहायोतल्या डब्लिनला त्या डब्लिनचं भारी कौतुक. पहिल्या चित्राला निळी रिबन.

देवदत्त चित्र देणार आहे. हा माझ्याच टीममधला, समोरच्या क्युबिकलमधला. दोन वर्षांपूर्वीपर्यंत याच्या घरात ब्रश फक्त बाथरूममध्ये होता. काल मराठी मंडळाच्या पॉटलकला सगळे एकेक पदार्थ घेऊन आले, याने ऑइल पेंटमधलं व्हायकिंगांचं जहाज आणून दाखवलं. माझी बायको त्या जहाजापुढे हातातला पुलाव गार होईपर्यंत उभी. आसावरी म्हणाली, पाणी किती ओलं वाटतंय! मी म्हणालो, पाणी ओलंच असतं. कुणी हसलं नाही.

या घरातला आर्टिस्ट मी आहे. इंटरमीजिएट ड्रॉइंग, ए ग्रेड. लग्नाआधी आसावरीला पत्रं लिहायचो तेव्हा प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात मोर असायचा. मोरांवरच लग्न जमलं म्हणायला हरकत नाही. देवदत्तने एलिमेंटरीसुद्धा दिलेली नाही. चौकशी केली.

१२ सप्टेंबर
लायब्ररीतून पुस्तक आणलं. ओडिन हा सगळ्या देवांचा मुख्य. ज्ञानासाठी एक डोळा विहिरीत देऊन आला. घोड्याला आठ पाय. मुलगा थॉर, त्याची गाडी बोकड ओढतात. अशा लोकांनी अर्धा युरोप कसा लुटला, कळत नाही.

ओडिनच काढणार. मुख्य सोडून इतर कुणाला हात लावणार नाही. रोज सकाळी सहाला उठायचं, ऑफिसच्या आधी एक तास ड्रॉइंग.

१६ सप्टेंबर, शनिवार
सहाला उठणं प्रॅक्टिकल नाही. कलाकाराने शनिवारीच काम करावं.

आठ पायांचा घोडा काढून पाहिला. दोन घोड्यांचा अ‍ॅक्सिडेंट झाल्यासारखा दिसतोय. खोडला. ओडिनला थॉरच्या बोकडगाडीत बसवला. घरातलीच गाडी आहे, बापाने मागितली तर पोरगा नाही म्हणणार नाही.

देवदत्त म्हणे पाय, हात, सगळ्याचं आधी स्केच करतो. ज्याला जमत नाही त्याला करावं लागतं.

१९ सप्टेंबर
डोळ्याचा प्रश्न. एक डोळा मिटलेला काढला तर ओडिन डोळा मारतोय असं वाटतं. नाशिकला आईला फोन करून विचारलं, एका डोळ्याचा देव काढला तर चालेल का. आई म्हणाली, खंडित मूर्ती घरात ठेवू नये, इतकी वर्षं अमेरिकेत राहून एवढंही विसरलास?

दोन्ही डोळे काढले. ज्ञान डोळे शाबूत ठेवूनही मिळतं. मला मिळालंच ना. निळ्या रंगाची ट्यूब वाळली होती, म्हणून अंगरखा लाल. दाढी पांढरी शुभ्र, गाल जरा गुलाबी. देव प्रसन्नच असावा.

२३ सप्टेंबर, शनिवार
चित्र पूर्ण. नीलांबरीला दाखवलं. वय सात, मत मात्र प्रत्येक गोष्टीवर. म्हणाली, बाबा, इज दॅट सांता? मी ओडिनची पूर्ण गोष्ट सांगितली. म्हणाली, ओके, बट व्हेअर आर द प्रेझेंट्स?

मुलांना क्लासिकल आर्ट कळायला वेळ लागतो. आसावरी चित्राकडे बघून म्हणाली, बोकड गोड आहेत. पाण्याला ओलं म्हणते, माझ्या बोकडांना गोड. सरळ सरळ पक्षपात.

२५ सप्टेंबर
मोठी बातमी. देवदत्त स्वतः माझ्या क्युबिकलमध्ये आला. म्हणाला, विवेक, माझ्या चित्रासाठी पोज देशील का? एका देवाचा चेहरा काही केल्या जमत नाहीये, तुझ्या चेहऱ्यात ते आहे यार.

विषय आहे बाल्डरचा मृत्यू. पुस्तकात पाहिलं. बाल्डर हा सगळ्यात देखणा देव, सगळ्यांचा लाडका. त्याला कशानेच इजा होत नसे, म्हणून बाकीचे देव गंमत म्हणून त्याच्यावर काहीबाही फेकत. लोकी नावाच्या एकाला त्याचं कौतुक बघवेना. बाल्डरला इजा करणार नाही अशी शपथ सगळ्या वस्तूंनी घेतली होती, मिसलटो नावाच्या झुडपाची एक फांदी तेवढी सुटली होती. लोकीने ती बाल्डरच्याच आंधळ्या भावाच्या हातात दिली, नेम धरून दिला, आणि बाल्डर गेला. काय एकेक जळकी माणसं असतात!

तर मी बाल्डर. आसावरीला सांगितलं. तिला ठसका लागला.

३० सप्टेंबर, शनिवार
देवदत्तकडे सिटिंग. आसावरीही सोबत आली. त्याचं टेक्निक बघून ठेवावं हा आतला हेतू. त्याने मला खुर्चीत बसवलं आणि समोर ते जहाज ठेवलं. म्हणाला, फक्त याच्याकडे बघ. तेवढ्यात आसावरी चहाचे कप घेऊन आली आणि म्हणाली, देवदत्त, खरंच, तुमच्या हातात जादू आहे.

देवदत्त ओरडला, हाच चेहरा! हलू नकोस!

चेहऱ्यावर आतलं तेज आलं असणार. चित्र मात्र दाखवलं नाही. प्रदर्शनातच बघ म्हणाला.

२ ऑक्टोबर, दसरा
मंडळात सगळ्यांना सोनं वाटलं. देवदत्तलाही दिलं, सोन्यासारखा राहा म्हणालो, मिठी मारली. मनात म्हटलं, दुसऱ्या नंबरालाही काहीतरी देत असतील. एका चित्रात माझा हात, दुसऱ्यात माझा चेहरा. रिबन कुठेही गेली तरी अर्धी माझीच.

आर्ट सेंटरच्या मिसेस लार्सनना चित्र नेऊन दिलं. त्यांचे आजोबा नॉर्वेचे. बघताच दोन्ही हात गालांना लावले. जाणकार बाई.

१४ ऑक्टोबर, शनिवार
प्रदर्शन झालं.

माझं चित्र भिंतीवर नव्हतं. मिसेस लार्सनना विचारलं. त्यांनी मला मिठीच मारली. म्हणाल्या, इतकं गोड चित्र या रक्तपातात कसं लावू? डिसेंबरच्या हॉलिडे शोला अगदी दारासमोर लावणार आहे. रेनडिअरऐवजी बोकड, व्हॉट अ‍ॅन आयडिया!

एक डोळा काढला असता तर. एकच.

देवदत्तच्या चित्राला निळी रिबन. मध्ये बाल्डर, सोनेरी केसांचा, तो देवदत्तचा जिम ट्रेनर आहे. आणि कोपऱ्यात, झाडाच्या मागे, हातात फांदी धरून मी. चष्मा नाहीये, पण नाकाजवळचा तीळ तिथल्या तिथे. लोक चित्राकडे बघत होते, मग माझ्याकडे बघत होते, मग वॉव म्हणत होते. देवदत्तने माझा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी. म्हणाला, तुझ्याशिवाय हे झालंच नसतं यार.

फार लागलं. असं लिहायची सवय नाही, पण लागलं.

आसावरी चित्रापुढे बराच वेळ उभी होती. गाडीत म्हणाली, मोर काढायचास तेव्हा कुणाकडे बघून काढायचास? मी म्हणालो, कुणाकडे म्हणजे? तुझी आठवण काढून. ती म्हणाली, म्हणूनच ते चांगले होते. ते अजून आहेत माझ्याकडे.  नीलांबरी झोपली होती.

१५ ऑक्टोबर, रविवार
आसावरीने प्रदर्शनाचे फोटो नाशिकला माझा भाऊ प्रताप याच्या ईमेलवर पाठवले. त्यात आधी घरी काढलेला माझ्या चित्राचा फोटोही होता. आईचा लगेच फोन. म्हणाली, तो झाडामागचा अगदी हुबेहूब तू! प्रतापला सायकल घेतली तेव्हा अंगणात हेच तोंड करून उभा होतास. त्या देवदत्तला सांग, हात फार चांगला आहे.

सांगतो म्हणालो.

मग म्हणाली, आणि ते नाताळबाबाचं कुणी काढलंय, आपल्या नीलूने का?

आसावरी समोरच होती. माझ्याकडे बघत होती. हो म्हटलं, नीलूनेच.

आई म्हणाली, सात वर्षांच्या मानाने बरं आहे.