ती एक ओळ मी लिहिली नाही, ताई

प्रिय ताई,

आज दुपारी ऑफिसात अण्णांचा फोन आला. तुझे थोरले दीर, शाळेच्या संस्थेवर बसतात ते अण्णा. "वर्षा, ते दहावीचं तसलं प्रकरण नेटवरून काढून टाक. लई बोलून राहिले लोक."

मी म्हणाले, "कोण लोक? नावं सांगा." "समदेच," अण्णा म्हणाले. मग मी म्हणाले, "नाही काढणार, अण्णा." बोलताना आवाज जराही नाही थरथरला गं! असं काही केलं की मी पहिला फोन तुला लावायची. आता कुणाला लावू? म्हणून हे लिहायला बसले.

तू गेलीस तेव्हा तुरी काढणीला आल्या होत्या. आता शाळा उघडायच्या बेतात आहेत. मधल्या काळात काय काय झालं, ते तुला कळायला नको?

किती हट्टी होतीस तू! दिवसभर उदगीरच्या शाळेत विज्ञान शिकवायचीस आणि घरी आलीस की स्वयंपाकघरात फळा टांगून तोच पाठ पुन्हा मोबाईलसमोर. कुणासाठी? जळकोटकडच्या, देवणीकडच्या खेड्यांतल्या पोरींसाठी. एसटी चुकली की ज्यांचा दिवस बुडतो, आणि असे बरेच दिवस बुडाले की घरचे ज्यांची शाळाच बंद करतात, त्या पोरींसाठी. पेनड्राइव्ह भरून कंडक्टरच्या हाती द्यायचीस. "त्या येऊ शकत न्हाईत, तर मी जाते," म्हणायचीस.

पण इतक्या वर्षांचं शिकवणं एका हार्ड डिस्कवर? मी किती मागं लागले होते, क्लाउडवर टाक म्हणून. डिस्क बिघडली तरी पाठ राहतील, पोरींना कुठूनही बघता येतील. तू हसून टाळायचीस. "माझं सामान माझ्या कपाटात बरं हाय." तुझ्या साड्यांच्या घड्यांत मला ती डिस्क सापडली, रुमालात गुंडाळलेली. खरं सांगू? तेव्हा रडू नाही आलं. तुझा राग आला.

मी रजा टाकून नांदेडहून तुझ्या घरी जाऊन राहिले. दाजी तू गेल्यापासून मुकेच झालेत. स्टेशनरीचं दुकान उघडतात, बंद करतात, पुढ्यात येईल ते जेवतात. "ताईचे पाठ वर चढवते," म्हटलं, तर "हाव" म्हणाले आणि चप्पल घालून बाहेर पडले.

आधी हातानंच सुरुवात केली. एकेक फोल्डर ओढायचा, अपलोडला लावायचा. पण उदगीरचं नेट तुला माहीत आहे! मध्येच जायचं, आणि कुठला पाठ पोचला, कुठला अर्धवट लटकला, काही पत्ता लागायचा नाही. शेवटी स्क्रिप्ट लिहिली. आमच्या बियाण्यांच्या कंपनीत रोजची कागदपत्रं वरच्या कार्यालयाला अशीच जातात, त्यामुळे हात बसला आहे. संगणकाला एकदाच नीट लिहून द्यायचं: हा फोल्डर उघड, यातली फाइल वर पाठव, पूर्ण पोचली का बघ, मगच पुढची घे. नेट गेलं तर थांब आणि आलं की राहिलं होतं तिथून धर.

पहिल्याच झटक्यात बंद पडली. कशामुळे? तुझ्यामुळे! फोल्डरांना काय नावं देऊन ठेवलीस बाई! "पाठ नवा हाच घ्या." "नवीन नवीन." "यात चूक झाली बघू नका." स्क्रिप्टला वाटलं, मोकळी जागा आली म्हणजे नाव संपलं. ती "पाठ" नावाचा फोल्डर हुडकत बसली, आणि तसला फोल्डरच नव्हता. तुझ्या स्वयंपाकघरात एकटीच मोठ्यानं हसले मी. तू गेल्यानंतरचं माझं पहिलं हसू. मग प्रत्येक नाव अवतरणचिन्हांत बांधलं, तेव्हा गाडी चालू झाली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आले. त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. विषय एकच: दहावीचा पुनरुत्पादनाचा धडा. शाळाशाळांतून शिक्षक "हे घरी वाचून घ्या" म्हणत पुढं सरकतात तोच. तू तो सोडला नव्हतास. उलट सगळ्यात जास्त व्हिडिओ त्याच फोल्डरमध्ये.

"बाकी समदं टाक," अण्णा म्हणाले. "तेवढं सोड. गेलेल्या बाईच्या तोंडची तसली भाषा गावभर फिरली तर घराची इज्जत काय राहील?"

"कसली भाषा, अण्णा? पाळी, गर्भाशय. पुस्तकात छापलेत हे शब्द."

"पुस्तकाला नातेवाईक नसतात. आम्हाला हाईत."

त्यांना उत्तर द्यायला मी तयारच होते. पण दारात उभे असलेले दाजी हळूच म्हणाले, "वर्षा, एक फोल्डर न्हाई गेला तर काय बिघडतंय?" ताई, ते मात्र लागलं गं. तुझा माणूस, आणि असं बोलतो?

काम एका ओळीचं होतं. हा फोल्डर वगळ, एवढंच लिहायचं. स्क्रिप्ट त्याला वळसा घालून गेली असती, चूक दाखवली नसती, थांबली नसती. बघणाऱ्यालाही वाटलं असतं, बाईंनी हा धडा केलाच नसेल. किती सोपं! आपल्या पिढ्यान् पिढ्यांच्या बायकांना असंच तर वगळत आले सगळे, आवाज न करता.

नाही लिहिली ती ओळ. त्याऐवजी त्या फोल्डरमधला पहिला व्हिडिओ लावला आणि पडदा दाजींकडे फिरवला. "आधी बघा तरी," म्हटलं. "मग सांगा, काय वगळू?"

पडद्यावर तू. खडूनं आकृती काढतेस, वळतेस, पदराला हात पुसतेस. "पोरींनो, माना वर करा. हे तुमचंच शरीर हाय, शेजारणीचं न्हाई. लाजायचं काय त्यात?" पुढे पाळीचं सांगायला लागतेस, तेवढ्यात कॅमेऱ्यामागून एक आवाज येतो, "अगं, हळू बोल की. शेजारी ऐकतील."

दाजींचा आवाज! फोन त्यांनीच धरला होता.

आणि तू लगेच, "ऐकू द्या की! त्यांच्या घरात बी पोरी हाईत." मागून दाजी खळखळून हसतात आणि सगळं चित्र हलतं.

दाजी पडद्याजवळ आले, वाकले, तुझ्याकडे बघत राहिले. तेराव्यालाही ज्याच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, तो माणूस उभ्या उभ्या हमसून रडला. मग शर्टाच्या बाहीनं तोंड पुसून म्हणाले, "अण्णा, त्यात मी बी हाय. जाऊ द्या वर."

"येडा झालास का तू?"

"हाव. झालो."

अण्णा चहा न घेता गेले. दाजी माझ्या शेजारी बसले आणि एकेक नाव वर जाताना बघत राहिले. मधूनच सांगायचे, "हे केलं तेव्हा लाइट गेली होती." "ह्या दिवशी तिला ताप होता, ऐकली न्हाई." इतके दिवस ज्यांच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता, ते तुझ्याविषयी बोलायला लागले. त्यांच्यासाठी तरी आधीच हे करायला हवं होतं का गं?

तुझ्या शाळेतल्या मैत्रिणींना लिंक पाठवली. त्यांनी पोरींना दिली, पोरींनी आणखी पोरींना. मग कुणीतरी अण्णांना टोचलं असणार, म्हणून आजचा फोन. संध्याकाळी मी दाजींना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माझ्याकडं बी आला होता. मी सांगितलं, दुकानात गिऱ्हाईक हाय, नंतर बोलू." तुझ्या नवऱ्याचं बंड असलं! पण बंडच ते.

अजून एक फोन आला होता परवा, जळकोटहून. अनोळखी बाई. "पोरीच्या मोबाईलवर तुमच्या बहिणीला ऐकलं," म्हणाली. "पाच लेकरं झाली मला, पण हे असं कुणी सांगितलंच न्हाई. आम्हा बायकांना एकदा मोठ्या पडद्यावर दाखवता का?" ताई, तू हे पोरींसाठी केलंस. त्यांच्या आया रांगेत उभ्या असतील, हे तुझ्या तरी ध्यानात आलं होतं का?

तर वचन देते. तुझा एकही धडा खाली उतरणार नाही. एका जागेवरून काढायला लावला तर मी दोन जागी चढवीन. जिथं नेट पोचत नाही तिथं मी स्वतः पोचेन. येत्या रविवारी जळकोटच्या समाजमंदिरात सुरुवात करते आहे. पडदा ऑफिसातून मागून घेतला, बायका ती जळकोटची बाई गोळा करते आहे. अण्णांच्या दोन्ही सुनांनाही मी निरोप धाडला. थोरलीनं "बघते" एवढंच कळवलं.

धाकटी म्हणाली, "मी येते, आणि सासूबाईंना घेऊन येते."

तुझीच,
वर्षा