उतारावर किल्लीला हात लावायचा नाही

आणि दादा, टर्बोमुळे बाबांची गाडी उधळली असं तू अजून गावभर सांगतोस, ते आधी बंद कर. इंजिनच बंद होतं. बंद इंजिनाचा टर्बो काय उधळणार? हे मी पत्रात लिहिलं तर तू पत्रं फाडलीस. म्हणून आता मृत्युपत्र लिहितो. हे फाडता येत नाही, असं इथला कारकून म्हणतो.

तर मी, सहावीतून शाळा सोडलेला, धंद्याने गॅरेजवाला, सध्या नदीखालच्या बोगद्यात कामाला, हे लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे, प्यायलेलो नाही. बळजबरी कुणाची नाही. फक्त नदीचं पाणी आत येऊ नये म्हणून दाबून भरलेल्या हवेत उतरणाऱ्या प्रत्येकाकडून कंत्राटदार असा कागद घेतो, कारण मागच्या महिन्यात दोघे वर आले ते झाकलेलेच. पण हा कागद मी मेल्यावर उघडायचा नाही. हातात पडेल त्या दिवशी धाकट्या बहिणीने, आपल्या धाकटीने, आईसमोर मोठ्याने वाचायचा.

कलम १. दोन खोल्यांतला माझा हिस्सा आईला. ती आहे तोवर दादाने मधे भिंत घालू नये. वहिनीने मला कधी शिळं वाढलं नाही, हे इथे लिहितो, कारण तोंडावर म्हणायचं राहून गेलं.

कलम २. पाने, जॅक, हातोड्या, सगळी पेटी धाकटीला. ज्याच्या हाताखाली गॅरेजचं काम शिकलो त्या वस्तादाला त्यातला एक स्क्रूही नाही. "ताकद वाढव, बाकीचं गाडी बघून घेते," हे त्याचं शिकवणं. गाडी काही बघून घेत नाही.

कलम ३. गाडी. बाबांनी ती माझ्या नावावर केली, हे दादाला आजही पचलेलं नाही. मोठा मुलगा असून डावललं, हा त्याचा राग आहे आणि तो खोटा नाही. पण का केली ते त्याने ऐकावं. गाडी माझ्याहून वयाने मोठी. चार माणसं बसली की निम्म्या चढावर बाबा म्हणायचे, "दोघांनी जरा पाय मोकळे करा." माणसं उतरता उतरता बोलायची, "भाडं आम्हीच द्यायचं आणि चालायचंही आम्हीच?" बाबा हसायचे. घरी आल्यावर हसायचे नाहीत. मी इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा टर्बो भंगारातून आणून बसवला, त्या दिवशी चौघे बसून गाडी वर गेली. संध्याकाळी बाबा एवढंच म्हणाले, "आज कुणी उतरलं नाही रे." दुसऱ्या दिवशी कागदं माझ्या नावावर.

टर्बोने मला पुष्कळ शिकवलं. तेलाची नळी फुटली, पाणी उकळलं, एक पिस्टन जळला. प्रत्येक वेळी इंजिनकडेच पाहिलं. पळायचं नवं केलं, थांबायचं जुनंच ठेवलं.

बाबांची सवय तुम्हाला माहीत आहे. चढ संपला की किल्ली फिरवून इंजिन बंद करायचं आणि उतार फुकटात उतरायचा. "चढाला पाजलं, उताराला उपाशी." मी म्हणायचो, बाबा, टर्बो तापलेला असतो, मिनिटभर इंजिन चालू ठेवा. "उभ्या गाडीला पेट्रोल पाजायला मी काय सावकार आहे?" आणि म्हणायचे, "इंजिन बंद झालं तरी ब्रेकचे दोन दाब शिल्लक असतात. जन्म गेला माझा त्यावर." ते खरं होतं. टर्बो नव्हता तोवर खरं होतं.

इथे कॉम्प्रेसरवाल्याने मला एकतर्फी झडप दाखवली. हवा एकीकडे जाऊ देते, परत येऊ देत नाही. ती हातात घेऊन दोन्ही बाजूंनी फुंकून पाहिली. आपल्या गाडीत ब्रेकला जोर देणारा जो डबा आहे, त्यालाही अशीच अंगठ्याएवढी झडप आहे. इंजिन त्या डब्यातली हवा ओढून घेतं, त्या पोकळीवरच ते दोन दाब मिळतात. टर्बो मात्र चढावर त्याच वाटेने उलटी हवा ढकलतो. झडप जुनी, त्या दिवशी पुरती गेली असणार. बाबांनी वर किल्ली फिरवली तेव्हा दोनातला एकही दाब उरला नव्हता. पाय दगडावर पडावा तसा ब्रेक लागला असेल, आणि त्या दुखऱ्या गुडघ्यात तेवढा जोर कुठला. मग खालची पाण्याच्या टाकीची भिंत, आणि बाबा गेले.

दोष वाटायचा तर घरासारखा सारखा वाटू नका. माझा हिस्सा मोठा. पण बाबांच्या किल्लीचाही आहे.

आता ज्यासाठी हे लिहितोय ते. आई फोनवर म्हणाली, गाडीचा पत्रा ठोकून झाला, पहिल्या तारखेपासून धाकटी भाडं मारणार. कौतुकाने म्हणाली, "अगदी यांच्यासारखी चालवते रे, वर आली की बंद करते." धाकटे, तीच गाडी, तोच चढ, तीच झडप. आईला झडप फोनवर समजेना, आणि दादाने शपथ घातलीय म्हणून तू माझा फोन घेत नाहीस. नको घेऊ. हे वाच.

गाडी तुझी, पण अशी: टर्बो काढून भंगारात द्यायचा. चौघे घेऊन गाडी चढणार नाही, दोघांना चालू दे, बोलतील ते ऐकून घे. झडप नवी, ब्रेक नवे. उतारावर किल्लीला हात नाही. हे होईपर्यंत किल्ली आईच्या उशाखाली. पार पाडायची जबाबदारी दादावर. दादा, मला शिव्या देत पार पाड, चालेल, पण स्वतः खाली वाकून चाकं बघ.

कलम ४. मी वर आलो नाही तर कंत्राटदार जे देईल ते आईचं. मला आणायला कुणी येऊ नये, प्रवास फार लांबचा आहे.

हे मीच लिहिलं, वाचून दाखवलं, यातलं काही मागे घेत नाही.

साक्षीदार: कॉम्प्रेसरवाला, माझ्या खालच्या पलंगावरचा. ऐकून अंगठा दिला.
साक्षीदार: पाळीचा मुकादम. सही केली, म्हणाला अक्षर सुधार.
लिहून देणार: घरात ज्याला भिंगरी म्हणता तो.
ठिकाण: बोगद्याच्या तोंडाशी, पत्र्याची खोली.
तारीख: पगाराच्या दुसऱ्या दिवशी. उद्या उतरायचं आहे.

सोबत, झडप आणि चारही चाकांच्या ब्रेकसाठी: अकरा हजार चारशे.