जिनाच्या रस्त्यावरचं पाळणाघर

॥ श्री ॥

रामदासपेठ, अकोला
१० नोव्हेंबर १९५७

तीर्थरूप मोरोपंत मामांच्या चरणी सिंधूचे शि. सा. न. वि. वि.

मामीनं पाठवलेला दिवाळीचा चिवडा पोचला. त्यातले शेंगदाणे यांनी वेचून खाल्ले आणि उरलेले पोहे मोठ्या मनानं मला दिले. वकील माणूस, पुरावा म्हणून एक दाणा मागे ठेवला नाही.

मामा, आज मात्र कामासाठी लिहिते आहे. गेल्या महिन्यात किसनराव जिनवाल्यांकडे यांचं कागदपत्राचं काम होतं. कापसाचं जिन आतून बघायची हौस म्हणून मीही गेले. सरकी काढायच्या यंत्रांपुढे बायका रांगेनं उभ्या होत्या आणि त्यांची तान्ही मुलं कापसाच्या ढिगाच्या कडेला निजवलेली. मी बघत असतानाच गड्यांनी वरून कापसाचा मोठा गठ्ठा ओतला आणि एक मूल दिसेनासं झालं. मैनाबाई नावाच्या मजुरणीची ती मुलगी. मैनाबाई धावली, मीही धावले. दोघींनी चारी हातांनी कापूस उपसला. पोर निळी पडली होती. तिला पालथी धरून पाठीवर थोपटत राहिलो, तेव्हा कुठं ती रडली. इतकं गोड रडणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

आणि मग काय झालं, सांगू? थोड्या वेळानं मैनाबाईनं लेकीला त्याच ढिगाच्या दुसऱ्या कडेला निजवलं आणि पुन्हा यंत्रापुढे उभी राहिली. दुसरं करणार काय बिचारी?

मी घरी येऊन जेवले नाही. दुसऱ्याच दिवशी आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष माणिकबाईंना गाठलं. भजनाच्या पेटीसाठी मंडळानं वर्षभर पैसे साठवले होते. माणिकबाई म्हणाल्या की देवाला बिनपेटीचं भजन चालेल. किसनरावांनी गोदामाचा एक कोपरा दिला. जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या आणि मंडळातल्या आम्ही आळीपाळीनं बसू लागलो. मुलं येतच आहेत मामा! शेजारच्या दोन जिनांतल्या बायकाही आणून ठेवतात. पण पेटी आता दुधात विरघळली. संक्रांतीपर्यंत कसंबसं ढकलू, पुढे नाही.

तुमचा सगळा जन्म कलेक्टर कचेरीत गेला. अशा लहानशा कामाला सरकारदरबारी कुठं मदत मिळते का, तेवढं बघाल? मामीला नमस्कार. भाचीचा हट्ट पुरवत आलात, तसाच हाही पुरवावा.

तुमची
सिंधू

अंबापेठ, अमरावती
१८ नोव्हेंबर १९५७

चि. सौ. सिंधूस मोरोपंताचे अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

तुझं पत्र तुझ्या मामीनं मोठ्यानं वाचलं. कापूस उपसण्यापाशी तिला पुढं वाचवेना, ते मी वाचलं. नंतर तिनं माझा कोट काढून दिला, टोपी हातात ठेवली आणि मी घरात बसलो कशाला आहे, असं विचारलं. पेन्शनीत निघाल्यापासून मला कुणी असं घाईनं घराबाहेर काढलं नव्हतं. फार बरं वाटलं.

चार दिवस मी वाचनालय आणि कचेरी पालथी घालतो आहे. सरकार विहिरीला मदत देतं. कोंबड्यांना देतं. वळूला तर इतक्या प्रेमानं देतं की वाचून मलाच वळू व्हावंसं वाटलं. पण माणसाच्या पिल्लाचं नाव कुठं दिसेना. माझा जुना साहाय्यक श्रावण अजून कचेरीत आहे. त्यानं समाजकल्याण बोर्डाचं एक माहितीपत्रक काढून दिलं. ते घेऊन वाचनालयात बसलो आणि तिसऱ्या पानावर बायकामुलांसाठी काम करणाऱ्या लहान संस्थांना अनुदान, असे शब्द सापडले! मी टाळीच वाजवली. शेजारी पेपर वाचता वाचता पेंगणारे गृहस्थ दचकून उठले.

आता नीट ऐक. पहिली अट, संस्था नोंदलेली हवी. तुमचं मंडळ भजनाला नोंदलेलं असेल तर ते देवाघरी, सरकारघरी नाही. नोंदणीला निदान सात सभासदांच्या सह्या लागतात. घटनेचा मसुदा सोबत पाठवला आहे. दुसरी अट, खर्चाचा काही वाटा गावानं उचलायचा. तिसरी, बोर्डाच्या बाई येऊन काम पाहतील. आपले कागद गेल्या वर्षापर्यंत नागपूरला जायचे, आता मुंबईला जातात. वाट लांबली आहे, म्हणून उशीर करू नकोस.

जावईबापूंना कळव की शेंगदाणे चोरल्याबद्दल मामीनं त्यांना बेसनाच्या लाडवांची शिक्षा ठोठावली आहे. डबा शनिवारी निघेल. ममता आहेच, ती पत्रागणिक वाढत जावो.

तुझा
मोरोपंत मामा

अकोला
२९ नोव्हेंबर १९५७

तीर्थरूप मामांस सिंधूचे शि. सा. न. वि. वि.

संस्था झाली! नावावरून दोन संध्याकाळी भांडण झालं. कुणाला माउली हवं, कुणाला देवकी. शेवटी शिशुसदन ठरलं, कारण ते कुणालाच फारसं आवडलं नव्हतं आणि त्यामुळे कुणी रुसलं नाही.

खरी अडचण सह्यांची. भजनाला पंधराजणी, पण सरकारी कागद म्हटल्यावर घरोघरचे पुरुष बिचकले. उद्या कोर्टात बोलावतील, अशी एकाची भीती, तर दुसऱ्याच्या मते बायकांच्या सह्या फक्त लग्नाच्या फोटोमागे शोभतात. कशाबशा सहा सह्या झाल्या. सातवी मिळेना. तेव्हा मी म्हटलं, मैनाबाई का नको?

मामा, सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. मजुरी करणारी बाई कार्यकारिणीत बसणार, आपल्या सतरंजीवर? माणिकबाई पदर सावरत राहिल्या. मैनाबाई दारातच उभी होती, तिनं सगळं ऐकलं. ती म्हणाली की मले लिवता येत नाही, पन अंगठा त माहाच हाये ना, आन् लेकरूबी माहंच हाये, मंग भ्याचं कावून? मग माणिकबाई उठल्या. त्यांनी स्वतः शाई आणली, मैनाबाईचा हात धरून सतरंजीवर आपल्याजवळ बसवलं आणि अंगठा कुठं उठवायचा ते दाखवलं. नंतर स्वतःच्याच पदरानं तिचा अंगठा पुसला. त्या लुगड्यावरचा डाग आता काही जायचा नाही.

अर्ज आजच रजिस्टरानं पाठवला. मला रात्री झोप नाही, आणि माझ्यामुळे यांनाही नाही. आपला आधार असाच पाठीशी राहो.

तुमची
सिंधू

अमरावती
२० डिसेंबर १९५७

चि. सौ. सिंधूस अनेक आशीर्वाद.

बोर्डाच्या उत्तराची तू पाठवलेली नक्कल मिळाली. त्याबरोबरचं तुझं चार ओळींचं रडकं पत्रही मिळालं. पाळणाघर जिनाच्या आवारात असेल तर ती मालकाची जबाबदारी, त्याला अनुदान देता येत नाही, असं ते म्हणतात. तू लिहितेस, सगळं संपलं. वेडे, आता तर कुठं मजा आली!

कारखान्याचा कायदा मी काल अथपासून इतिपर्यंत वाचला. मामीनं जेवायला तीनदा हाक मारली, चौथ्यांदा ताट झाकून निजायला गेली. कायदा असा आहे, की पन्नासाहून जास्त बायका कामाला असतील तरच पाळणाघर मालकानं काढायचं. तुझ्या किसनरावांकडे चाळीसएक बायका. शेजारच्या दोन्ही जिनांत त्याहून कमी. म्हणजे कायद्यानं या मुलांचं कुणीच नाही! मग बोर्ड यांचं नाही तर कुणाचं? हेच मी नव्या अर्जात घालून सोबत दिलं आहे, खाली सही करून धाड.

मात्र जागा जिनाबाहेर हवी. तिन्ही जिनांना जवळ, आणि कुणाच्याही मालकीच्या आवारात नाही. हा अर्ज पोचला की बोर्डाच्या बाई जानेवारीत कधीही येतील. तेवढ्यात शोध. पदर खोच आणि उठ. म्हाताऱ्या मामाचं मन तिकडेच लागून आहे, हे ध्यानात असू दे.

तुझा
मोरोपंत मामा

अकोला
१६ जानेवारी १९५८

तीर्थरूप मामा आणि मामींस सिंधूचे शि. सा. न. वि. वि. तीळगूळ घ्या, गोड बोला.

घाईत लिहिते आहे, अक्षर समजून घ्या. बोर्डाच्या बाई काल येऊन गेल्या!

जागेचं आधी सांगते. जिनाच्या रस्त्यावर पुंजाजी सुतारांचं टिनाचं शेड आहे. पूर्वी तिथं बैलगाड्यांची चाकं व्हायची, आता त्यांचे हात चालत नाहीत. मैनाबाईनं त्यांना गळ घातली. पुंजाजी म्हणाले की चाकं नाही त नाही, लेकरं त घडतीन. भाडं घ्यायला तयार नाहीत. तेच गावाचा वाटा म्हणून आपण दाखवलं.

आम्ही भिंती सारवल्या, झोळ्या टांगल्या. आणि बाई आल्या त्या नेमक्या करीच्या दिवशी! संक्रांतीचा दुसरा दिवस, तिन्ही जिनं बंद, झोळ्या रिकाम्या. माणिकबाईंनी मला कोपऱ्यात ओढलं आणि आपल्या गल्लीतली दहाबारा पोरं आणून झोळ्यांत निजवू या, असं सुचवलं. क्षणभर मोह झाला, मामा, खोटं कशाला सांगू. पण त्या रिकाम्या झोळ्या बघून मला वाटलं, इथं पहिलंच काम लबाडीचं नको. मी बाईंना सरळ सांगितलं, आज सुटी आहे, मुलं आपापल्या आयांजवळ आहेत, दाखवायला माझ्याकडे काही नाही. बाईंनी घड्याळ पाहिलं. दुपारच्या गाडीनं निघायचं आहे, परत येणं जमेलसं वाटत नाही, असं त्या म्हणाल्या आणि चपला घालू लागल्या.

तेवढ्यात रस्त्यावर गलका झाला. मैनाबाई पुढं आणि तिच्यामागं तिन्ही जिनांतल्या बायका! सणाची लुगडी नेसलेल्या, कडेवर मुलं, कुणाच्या हातात तिळाचे लाडू. मैनाबाईला कुणीतरी टांगा थांबलेला सांगितला होता आणि ती वस्तीत दारोदार पळाली होती. बाईंनी विचारलं, सुटीच्या दिवशी मुलं इथं कशाला आणलीत? मैनाबाई धापा टाकत म्हणाली की सुटी आमाले हाये, पन तुमी एवढ्या दुरून लेकरं पाहाले आल्या, मंग लेकरं दाखवाले नको? आणि तिनं आपली मुलगी सरळ बाईंच्या मांडीवर ठेवली. पोरीनं बाईंचा चष्मा ओढला.

बाईंची दुपारची गाडी चुकली. त्या एकेका बाईजवळ बसल्या, मूल कधी आणता, काय खातं, आजारी पडलं तर काय करता, सगळं विचारलं. जाताना एवढंच म्हणाल्या की निर्णय माझ्या एकटीच्या हातात नाही. पण मामा, टांग्यात बसल्यावर त्यांनी मागं वळून हात हलवला! याचा अर्थ काय होतो? तुम्हाला साहेबलोकांची सवय, लवकर कळवा. जिवाला घोर लागला आहे, तो तुमच्या पत्रानंच उतरेल.

तुमची
सिंधू

अमरावती
२४ जानेवारी १९५८

चि. सौ. सिंधूस अनेक आशीर्वाद.

साहेबानं हात हलवण्याचे कचेरीत दोनच अर्थ होते. एक, काम झालं. दुसरा, आता परत येऊ नका. मामी म्हणते, बाईमाणसानं हलवला तर तिसरा अर्थ असतो आणि तो तुम्हा पुरुषांना कळायचा नाही. तिचं ऐक.

मंजुरी येवो न येवो, एक लिहून ठेवतो. रिकाम्या झोळ्या तू रिकाम्याच दाखवल्यास, हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. माझी बहीण, तुझी आई, आज असायला हवी होती.

इकडची बातमी अशी, की धामणगावच्या जिनांत काम करणाऱ्या तीन बायका काल ओसरीवर येऊन बसल्या. तुमच्याबद्दल कुणाकडून तरी ऐकलं म्हणे, त्यांनाही असंच पाळणाघर हवं आहे. मामीनं त्यांना आधी जेवू घातलं आणि मग माझ्यापुढं उभं केलं. तेव्हा माझी पेन्शन संपली, पुन्हा नोकरी लागली, असं समज. आपल्या माणसांची आठवण धरावी.

तुझा
मोरोपंत मामा

अकोला
३ मार्च १९५८

तीर्थरूप मामा, मामी,

साष्टांग नमस्कार! मायने नंतर. मंजूर झालं! मागितलं त्याहून थोडं कमी, पण वर्षभराचं, आणि एका शिकवलेल्या बालसेविकेच्या पगारासह!

पाकीट हातात आलं तेव्हा कणीक मळत होते. तशीच निघाले, पिठाच्या हातांनी, जिनाच्या रस्त्यानं धावत. यांनी मागून छत्री धरून धावावं, अशी आमची वरात. आधी माणिकबाईंच्या खिडकीतून ओरडले, मग थेट जिनात शिरले.

आत यंत्रांचा असा घरघराट की माझा मलाच आवाज ऐकू येईना. मैनाबाई रांगेच्या शेवटी. मी ओरडले, तिनं कानाला हात लावून मान हलवली. किसनरावही काय झालं म्हणून बघायला आले, त्यांनाही कळेना. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी कागद दातांत धरला आणि दोन्ही हातांची झोळी करून हवेत झुलवली. एकदा, दोनदा. मैनाबाई बघत राहिली. एकदम तिच्या तोंडावर हसू फुटलं. तिनं शेजारणीकडे वळून तशीच हातांची झोळी झुलवली. त्या बाईनं पुढचीला दाखवली, तिनं तिच्या पुढचीला. बघता बघता सबंध रांगेत, केसांवर कापूस बसलेल्या त्या सगळ्या बायका, एकीमागून एक, हवेत झोळी झुलवत होत्या.

किसनरावांनी यंत्रांचा पट्टा थांबवायला सांगितलं. मामा, तो आवाज थांबला तेव्हा बायकांचं हसू आणि रस्त्यावरच्या शेडमधल्या मुलांचा गलका असा ऐकू आला, की तो कागदावर मावत नाही. तुम्ही दोघं येत्या रविवारच्या गाडीनं या आणि कानांनी ऐका. वाटेकडे डोळे लावून बसलेली,

तुमची
सिंधू