दादाचा बसका आवाज

१६ मार्च, रविवार
शेवटी दादाचा बेस गिटार बाहेर काढला. रा.भाऊ (दादाच्या भीमगीत पार्टीचे म्होरके, ढोलकीवरही तेच) रोज फोन करतायत. "जयंतीला बेस लागतोय बग. बाळू गेला म्हणून किती दिस जागा मोकळी ठेवायची? त्येनंच शिकीवलंय न्हवं तुला?"
दादा जाऊन वर्ष होत आलं. शिरवळचा प्रोग्रॅम करून परत येताना टेंपो उलटला. बेसवर ओरखडा नाही. त्याचा अजून राग येतो मला.
चार जाड तारा, त्यांवर त्याच्या बोटांचा मळ तसाच. अँप लावला, एकच सूर दिला. धप्प. घुमला नाही, रेंगाळला नाही. अगदी तोच.
आतून आई म्हणाली, "बाळू, हळू वाजीव रं."
आमटी उतू गेली.

१७ मार्च
लॅबमध्ये लक्ष नाही. नमुन्यांवर चुकीची लेबलं लावणार होते, वेळेत सावरलं. परतताना इ.पूर-आष्टा गाडीत एकच विचार. घरी आल्यावर विचारलंच.
"काल दादाला हाक मारलीस तू."
"मारली की."
"आई…"
"मला ठावं हाय त्यो न्हाई. येडी हाय व्हय मी? पर आवाज त्येचाच हाय न्हवं." आणि भाकरी उलटली.

१९ मार्च
मिल्ट्रीतल्या मित्राने पेन ड्राइव्हवर अमेरिकेतल्या काळ्या लोकांची जुनी सोल गाणी भरून दिली, तेव्हापासून दादाला दुसरं काही सुचत नव्हतं. बाबासाहेबांच्या गाण्याखाली हा तोच बेस वाजवायचा. "ही मान्सं रडत न्हाईत, चालत्यात. बेस म्हंजी चालणं." त्यासाठी गुळगुळीत तारा, जन्मात न बदललेल्या. तारांखाली, तारा टेकतात त्या घोडीजवळ, स्पंजची पट्टी. टोनचं बटण पूर्ण बंद. एकच बोट. भजी खाऊन तसाच वाजवायला बसायचा. आई ओरडायची, हात धू. हा म्हणायचा, मळ गेला की आवाज गेला.
आज वाजवताना आई दाराशी येऊन बसली. बोलत होती, पण माझ्याशी नाही. आवाजाशी. म्हैस विकली. मालनकाकूला नातू झाला. वर माझी तक्रार, "तुझी भन कुणाचं ऐकत न्हाई." हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. मान वर न करता वाजवत राहिले.

२३ मार्च, रविवार
आई पुन्हा दाराशी. आधी इकडचं तिकडचं. मग म्हणाली, "बाळू, त्या दिशी सकाळी म्या तुला…"
माझं बोट थांबलं. आवाज थांबला. आई गुडघे धरत उठली, आत गेली.
त्या दिवशी सकाळी मी लॅबला गेले होते. दादा न जेवता बाहेर पडला, एवढंच मला माहीत. दोघांत काय झालं ते आईने वर्षभरात कुणाला सांगितलेलं नाही. पुण्यानुमोदनाला, दादाच्या शोकसभेत, सगळे बोलले, ती बोलली नाही. आज बोलणार होती. मी का थांबले? गाढव आहे मी.

२६ मार्च
एक तार किरकिरायला लागलीय. उन्हाने बेसची मान वाकली असणार. दुसरं कुणी सुचेना म्हणून मिरजेला चाचांकडे दिला. सतार-तंबोरे बनवतात. तारेचा आवाज खुलवायचा, म्हणजे जवारी काढायची, तर लोक लांबून त्यांच्याकडेच येतात. "किरकिर तेवढी काढा" एवढं मी म्हणाले आणि घाईत गाडी धरली. बाकी काही सांगायचं सुचलंच नाही.

३० मार्च, रविवार
चाचा खुशीत होते. "आवाज पार मेल्याला होता की ओ. जिता केला बघा."
स्पंज कचरा म्हणून फेकलेला. तारा नव्या, खरखरीत. घोडी घासून जवारी खुली केलेली. त्यांनी एक सूर छेडला, तो दुकानभर फिरला, संपेचना. चुकलं त्यांचं? आयुष्यभर बसलेले आवाज मोकळे करत आलेला माणूस. माझ्या तोंडून "छान झालाय" निघालं. गाडीत रडले. शेजारच्या बाईने काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.
घरी वाजवला. आई भाजी निवडत होती. म्हणाली, "ह्यो कुणाचा?"

२ एप्रिल
परत मिरज. आज सगळं सांगितलं, आईचं अर्धं राहिलेलं वाक्यसुद्धा. चाचा बराच वेळ तारेवरून बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "बसलेला आवाज खोलून घ्यायला लोक येतात, बेटी. बसवून घ्यायला पहिलीच तू."
जुन्या तारा खिळ्याला टांगलेल्या सापडल्या. तार ते कधी फेकत नाहीत. घोडी पुन्हा बसवून दिली. सगळ्यात बारीक तार मात्र चढवताना तुटली. तिच्या जागी सांगलीहून तसलीच गुळगुळीत, पण नवी. तीन त्याच्या, एक कुणाचीच नाही. नवी फार बडबडते.

६ एप्रिल, रविवार
रोज भजी. तेलकट बोटाने ती एक तार घासत बसते. हे कुणी पाहिलं तर काय म्हणेल.
स्पंजचं जमत नाही. भांड्यांचा लावला, आवाज गुदमरला. लॅबमधल्या खोक्यातला लावला, टकटक. दादाचा कसला होता? इतकी वर्षं डोळ्यांसमोर होता आणि आठवत नाही.
रा.भाऊ म्हणतात, "मिरजेचा आवाज झ्याक हुता की. कशाला बिगाडतीस? लोकास्नी काय कळतंय?" लोकांसाठी करतंय कोण. आईचं वाक्य पुरं व्हायला हवं. हे रा.भाऊंना कसं सांगणार.
आई दाराशी येत नाही. मीठ बरोबर आहे का, एवढंच विचारते.

९ एप्रिल
लॅबमधून आले तर बेसवर आईचा गुडघ्याचा पट्टा आणि कात्री.
"ह्यातला व्हता त्येचा स्पंज. जुन्या पट्ट्याचा. कापला तवा लय बोलले मी त्येला."
"आणि तुझा गुडघा?"
"ऱ्हाऊ दे गुडघा."
कापला. पट्टी तारांखाली सरकवली, तारा जरा उचलल्या, टोन बंद, एक बोट.
धप्प.
एकमेकींकडे पाहिलं नाही. मी लगेच अँप बंद केला. इतके दिवस याच्यामागे धावले आणि आल्यावर घाबरले. घरात तो आहे आणि मी नाही, असं वाटलं.

१२ एप्रिल
पार्टीची प्रॅक्टिस, विहारामागच्या खोलीत. रा.भाऊ ढोलकी थांबवून म्हणाले, "डोळं मिटलं की बाळूच." सगळे खूश. तू चांगली वाजवलीस, असं कुणी म्हणालं नाही. लागलं ते. कुणाला सांगणार.

१३ एप्रिल, रविवार
दुपारी जेवणं झाल्यावर आई स्वतःच पाट घेऊन दाराशी आली. मी चालीला सुरुवात केली.
"बाळू, त्या दिशी सकाळी म्या तुला…"
बोट अडखळलं. थांबू दिलं नाही. तेच बोट, तीच चाल. ती बोलत गेली. सगळं बोलली. मध्ये एकदा रडली, पुन्हा बोलली. मी वाजवत होते आणि कुणाची तरी चोरी करतेय असं वाटत होतं.
काय म्हणाली ते इथे लिहिणार नाही. तिने ते त्याला सांगितलंय.
बोलून झाल्यावरही उठेना. वाट बघत होती. हात भरून आला तेव्हा मी थांबले.
मग पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाली, "काय म्हणला गं त्यो?"
"उद्या जयंतीला सांगेल," म्हणाले.
"मग येती मी बी. फुडं बसती."
आता आत इस्त्री चाललीय. जयंतीचं पांढरं लुगडं.