पुलावर गाडी हळू झाली

९ मार्च, रविवार दुपार

प्रिय भिंगरी,

सप्रेम नमस्कार. काकूंना माझा नमस्कार सांग. घेतील का माहीत नाही, तरी सांग. इकडे सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. आईचे गुडघे कुरकुरतात. मी नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन शाळेत गणित शिकवते. पोरं मागून मला ‘खडूस’ म्हणतात. ते नाव तू ठेवलंस, त्यांना कसं कळलं देव जाणे!

इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून पत्र फाडलं नसशील तर पुढे वाच. आधीच्या पत्रांना उत्तर आलं नाही, त्याबद्दल तक्रार नाही.

तुमच्या घरात आता एक शिंपी राहतो. तुझे बाबा, आमचे काका, चष्मे दुरुस्त करायला बसायचे त्या खिडकीत त्याचं मशीन आहे. येता-जाता माझी मान अजून तिकडे वळते. खरं सांगू? तुझ्यावाचून मला भांडायला कुणी नाही. नव्या मैत्रिणी काही बिनसलं की शांतपणे समजावून सांगतात. वैताग येतो. तू कशी दार आपटून जायचीस आणि पाच मिनिटांत चिंचा घेऊन यायचीस!

असो. नमनालाच घडाभर तेल झालं.

बाबांना गेल्या वर्षी पकडलं, ते तुला कळलं असेलच. लढाईतल्या गुन्ह्यांचा निवाडा करणारं मंडळ आपल्या जुन्या शाळेतच बसतं. सैनिकांनी काकांसकट आपल्या गल्लीतले पुरुष निवडून बसमध्ये कोंबले, ती बस बाबांनी चालवली, हे तर सगळ्या गावाला माहीत होतं. बाबांचं पालुपद एकच. “मी ड्रायव्हर. हुकूम आला, गाडी काढली. सोडलं, परत आलो.” न्यायाधीशबाई म्हणाल्या, “कुठे सोडलं ते दाखवा.” नियम असा, की जो जागा दाखवेल त्याची शिक्षा निम्मी, मात्र गेलेल्यांच्या घरच्यांनी हरकत घेता कामा नये.

बाबा तयार झाले. पोलिसांनी जीपमधून दोन-तीनदा फिरवलं, पण जागा सापडेना. टेकडी फोडलेली, झाडं लावलेली, रस्ते बदललेले. सरकारी वकील चिडला. “म्हातारा ताकास तूर लागू देत नाही,” म्हणाला.

पण मला कळलं. बाबांना शेजारी बसून रस्ता कधीच कळला नाही. पायी बाजारात गेले तरी चुकायचे, आठवतं? मी उठून म्हणाले, “बाई, त्यांना गाडी चालवायला द्या. त्यांना रस्ता डोक्यानं नाही, हातानं कळतो.” वकील हसला. बाई हसल्या नाहीत. डेपोतून जुनी बस आली, बाबांच्या बेड्या काढल्या, आणि मी मागच्या सीटवर बसले.

बाबांनी आरसा नीट केला आणि निघाले. आणि अगं, प्रत्येक थांब्यावर थांबत गेले! एका थांब्यावर एक बाई पिशवी सांभाळत चढलीसुद्धा. तिला उतरवताना पोलिसांच्या नाकी नऊ आले. “थांबताय कशाला?” म्हणून साहेब ओरडला. बाबा दचकून म्हणाले, “सवय हो.” मला हसू फुटलं, आणि मग माझीच मला लाज वाटली.

नदीच्या पुलावर थांबा नाही. तिथेही गाडी हळू झाली, जवळजवळ थांबलीच, मग पुढे गेली. चुन्याच्या जुन्या भट्टीमागे बाबांनी ब्रेक लावला, दांडा ओढून दार उघडलं आणि मान खाली घातली. तिथेच खणलं.

काका सापडले, भिंगरी. तू पाठवलेल्या रक्ताशी हाडं जुळली. मंडळाचं शिक्क्याचं पत्र तुला येईल. त्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहायला बसले, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. ते अर्धंच खरं आहे.

त्या पत्रात हरकतीचंही विचारलेलं असेल. बाकी घरांनी ‘हरकत नाही’ लिहून दिलं. ड्रायव्हरच तर होता, म्हणाले. आता तुझ्या एकटीचं उत्तर राहिलंय. तूही तसंच लिहिशील, तुझं काळीज मला माहीत आहे. म्हणूनच सांगायला हवं.

तुरुंगात भेटीला गेले तेव्हा मी बाबांना विचारलं, “पुलावर गाडी का हळू केलीत?” म्हणाले, त्या दिवशी काका अगदी त्यांच्या मागे बसले होते. पहारेकरी मागच्या दाराशी. काका वाकून कानाशी म्हणाले, “पुलावर जरा हळू घ्या, पुढचं दार उघडा. आम्ही नदीत उड्या टाकतो. तुम्ही म्हणा, दार बिघडलं होतं.”

“मी हळू केली गं,” बाबा म्हणाले. “दांड्यावर हातही ठेवला. ओढला नाही.”

“का?”

“घाबरलो. मग वेग वाढवला.”

“काका काय म्हणाले?”

“‘बरं’ म्हणाले. एवढंच.”

हे मंडळाला ठाऊक नाही. बाबा म्हणाले, “कुणाला सांगू नकोस. मला घरी मरायचंय.” मी म्हटलं, भिंगरीला सांगणार. त्यांनी तोंड फिरवलं, आणि भेटीची वेळ संपेपर्यंत भिंतीकडे पाहत राहिले. आईला अजून बोलले नाही. ती रोज त्यांच्या खाटेवरची चादर बदलते.

त्यांनी घरी यावं असं मलाही वाटतं गं. दाराशी त्यांची चप्पल दिसावी, म्हणून जीव तुटतो. पण तुझी सही तुला अंधारात ठेवून मिळवलेली मला नको. ‘हरकत नाही’ लिहिलंस, तर सगळं जाणून लिही. ‘हरकत आहे’ लिहिलंस, तर माझ्या तोंडून ब्र निघणार नाही. आईला मी सांभाळीन.

काकांना ताब्यात घ्यायला रक्ताचं कुणी यावं लागतं, म्हणजे तुलाच यावं लागेल. मी स्टेशनवर येऊ का? नको असेल तर एका ओळीत कळव, मी त्या दिवशी घराबाहेर पडणार नाही. पण ये म्हणालीस, तर पहाटेपासून फलाटावर उभी राहीन. भांड, दार आपट, काहीही कर. तुला एकदा पाहायचंय.

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क उरला असेल तर तुझी,
नाहीतर नुसती,
त्या ड्रायव्हरची मुलगी