साडूचं मागचं चाक

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.
आजपासून सगळं लिहून ठेवायचं. बरोबर चार आठवडे राहिले. १ मार्चला जोडीची राइड. चौऱ्याऐंशी किलोमीटर, द्राक्षमळ्यांमधले तीन घाट, शेवट वरच्या वायनरीच्या फाटकात. दोघांनी एकत्र निघायचं आणि एकत्रच पोचायचं. जोडी अर्थातच मी आणि साडू. साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा, रक्त तपासायच्या लॅबमध्ये असतो. आठ महिन्यांपूर्वी मीच त्याला सायकलला लावलं. म्हणजे सायकल त्याच्याकडे आधीपासून होती, पण शिस्त माझी.

आज बत्तीस किलोमीटर. साडू पुढे, मी मागे. नेहमी असंच. पुढच्याला डोकं लागत नाही, नुसतं पेडल मारायचं. मागच्याला वेग बघावा लागतो, रस्ता बघावा लागतो, सूचना द्याव्या लागतात. त्याच्या मागच्या चाकापासून माझं चाक वीतभर अंतरावर. एवढा कंट्रोल फक्त ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या माणसालाच जमतो.

साडू सव्वापाचला माझ्या दारात आला तोच घामाघूम. घर दोन किलोमीटरवर. स्टॅमिना फारच कमी. त्याच्यावर मेहनत घ्यावी लागणार.

३ फेब्रुवारी. सकाळी ६.
संकल्प. साखर बंद. रोज पन्नास उठाबशा. महिनाअखेर चार किलो कमी. मोबाइल रात्री दहाला बंद.

त्याच दिवशी, दुपारी ४.
साखर एकदम बंद केली तर चक्कर येते असं वाचलं. टप्प्याटप्प्याने करू. उठाबशा बारा झाल्या. पण माझे पाय तसे दिवसभर कामातच असतात. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक आहे. सकाळच्या बॅचच्या बाईंनी आज चौकात तीनदा आणि दूध डेअरीच्या पायरीपाशी एकदा माझ्याकडून तो करकचून दाबून घेतला. ते सगळं उठाबशांत धरलं. हिशेब पन्नासच्या वर जातो.

८ फेब्रुवारी, रविवार.
राइड रद्द केली. पोट ठीक नव्हतं. साडूला फोन केला तर म्हणाला, अजिबात काळजी करू नका भाऊ, आराम करा. आवाजात जरा जास्तच आनंद वाटला. लहान आहे, सुट्टी मिळाली की खूश होतो.

पोट दहाला बरं झालं. मग हिला घेऊन कारने रूटची पाहणी करून आलो. सुंदर रस्ता. दोन्ही बाजूंना डोंगरभर द्राक्षाच्या रांगा, काढणी चालू, क्रेट भरभरून ट्रॅक्टर उतरतायत. तिन्ही घाट पाहिले. चढ विशेष जाणवला नाही. बऱ्याच ठिकाणी तर तिसऱ्या गिअरमध्ये गेलो. लोक उगाच बाऊ करतात.

शर्यतीच्या दिवशी पाणी कुठे मिळेल ते पाहायला वरच्या वायनरीत थांबलो. तीन प्रकारची वाइन चाखली. परतताना गाडी हिने चालवली. वाटभर ही काहीतरी बोलायला तोंड उघडायची आणि मिटायची. वळणांचा त्रास होत असावा.

१२ फेब्रुवारी.
फॉर्म साडू भरणार होता. विचारलं, भरलास का. म्हणाला, बघतो. मग म्हणाला, लॅबमध्ये गर्दी फार आहे. मग म्हणाला, भाऊ, दुसरा फोन येतोय. लॅबवाले फारच पिळून घेतात त्याला. शर्यत झाली की त्याच्या साहेबांशी बोलावं म्हणतो.

वजन अर्धा किलो वाढलं. स्नायू वजनदार असतात.

१६ फेब्रुवारी. दुपारी १.
यादी लागली.

नीट लिहिता येत नाहीये. ऑफिसच्या संगणकावर पाहिली, मोबाइलवर पाहिली, मोठ्या अक्षरात प्रिंट काढून पाहिली. जोडी क्रमांक ४७: साडू आणि सासरे.

माझे सासरे. वय सदुसष्ट. निवृत्त लाइनमन. तीस वर्षं विजेच्या खांबांवर चढले हे मान्य, पण खांब वेगळा आणि घाट वेगळा. माझं नाव यादीत कुठेच नाही. राखीव लोकांतही नाही.

केसाने गळा कापला माझा. आणि तोही घरातल्या माणसांनी.

रात्री ८.
हिला सांगितलं. मला वाटलं, ही भडकेल. ही म्हणाली, हो, माहीत आहे. कधीपासून, विचारलं. म्हणाली, महिना झाला. मेहुणीलाही माहीत. सासूबाईंनाही माहीत. त्या दिवशी गाडीत सांगणार होते, पण तुम्ही वाइनच्या चवीबद्दल बोलत होतात, थांबतच नव्हतात. म्हणजे सगळ्या घराला ठाऊक आणि मी एकटाच गाढवासारखा उठाबशा मोजत बसलो.

जेवलो नाही. नंतर थोडं जेवलो.

१७ फेब्रुवारी.
साडूला फोन केला. जाब विचारायचा होता, तेवढ्यात तोच बोलायला लागला. म्हणाला, भाऊ, रागावू नका, पण आठ महिन्यांत तुम्ही एकदाही पुढे आला नाहीत. मी म्हटलं, पुढचा मान मी तुला दिला. मग म्हणाला, बाबांबरोबर मी पहाटे साडेतीनला निघतो, आमचे तीस-पस्तीस किलोमीटर झाले की ते घरी जातात आणि मी तुमच्याकडे येतो. मी म्हटलं, रोज? म्हणाला, फक्त रविवारी.

म्हणून घामाघूम. म्हणजे आधी पोटभर राइड करून यायचा आणि उरलेली मला वाढायचा. आठ महिने उष्टं खाल्लं मी.

फोन ठेवून दिला. असा ठेवला की त्याला कळलं पाहिजे. आजकालच्या फोनवर ते कळत नाही.

१८ फेब्रुवारी.
निर्णय झाला. एकटा उतरणार. शर्यतीत एकेरी गटही असतो, त्याचे फॉर्म अजून घेतात. आजवर तो मला कमी दर्जाचा वाटायचा, पण विचार केला तर खरी कसोटी तिथेच. फॉर्म भरला. आणीबाणीत कोणाला कळवायचं, या रकान्यात साडूचा नंबर लिहून झाला होता. खोडता येईना, म्हणून नवा फॉर्म भरला. आता हिचा नंबर आहे.

नाकावर टिच्चून त्यांच्या आधी पोचणार. फाटकात खुर्ची टाकून बसणार. ते आले की उठणारही नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार.
सव्वापाचला जाग आली. सवयीने बाटली भरली, टायरची हवा बघितली, दारात जाऊन उभा राहिलो. रस्ता रिकामा. परत येऊन झोपलो.

मोठे सायकलपटू शर्यतीआधी विश्रांती घेतात. माझी आजपासून सुरू.

२६ फेब्रुवारी.
विश्रांती उत्तम चालू आहे. स्कूलमध्ये सकाळच्या बाईंनी विचारलं, सर, चेहरा का उतरलाय. मी म्हटलं, तुम्ही आरशात बघा, माझ्याकडे नको. सिग्नलला गाडी बंद पाडली त्यांनी. मी ओरडलो. नंतर सॉरी म्हणालो. त्यांचा काय दोष.

ही म्हणाली, त्याला एक फोन करा. मी म्हटलं, त्याने करावा. म्हणाली, त्याने चार केले, तुम्ही उचलले नाहीत. ते मिस्ड कॉल होते. मिस्ड कॉलला फोन म्हणत नाहीत.

१ मार्च, रविवार. संध्याकाळी ७.
पाय उचलत नाहीत. जमेल तेवढं लिहितो.

साडेसहाला सुटलो. एकेरी आधी सोडले, जोड्या दोन तासांनी सुटणार होत्या. पहिले दोन किलोमीटर छान. मग गाव संपलं, मळे लागले आणि वारा सुरू झाला. असा वारा मी आयुष्यात पाहिला नाही. समोरून, छातीवर. मान खाली घातली तरी वारा, कडेने गेलो तरी वारा. पेडल मारतोय आणि सायकल जागच्या जागी. मला वाटलं, ब्रेक घासतोय. उतरून बघितलं. घासत नव्हता. दुसऱ्यांदा उतरून बघितलं. आठ महिने त्याच सायकलवर बसलो, कधी इतकी जड लागली नव्हती.

पहिला घाट बसून चढलो. दुसरा चालत. चालताना कळलं की कारने दिसला तो रस्ता हा नव्हेच. तिसऱ्याच्या पायथ्याशी द्राक्षाच्या रांगेत बसलो आणि उठता येईना. काढणीवाल्या एका बाईने पाणी दिलं, घडही दिला. बारीक द्राक्षं, नुसत्या बिया. तरी सगळा खाल्ला.

क्रेट घेऊन वायनरीकडे निघालेल्या ट्रॅक्टरवाल्याने मला सायकलसकट ट्रॉलीत घेतलं. चारी बाजूंना द्राक्षं आणि मधमाश्या. मी त्याला विचारलं, आज वादळाचा इशारा आहे का. तो म्हणाला, कसलं वादळ, आज तर वारा पडलाय.

वीतभर अंतर, वीतभर अंतर, हेच डोक्यात येत राहिलं. त्या पोराने आठ महिने ते सगळं स्वतःच्या छातीवर घेतलं आणि मी मागून त्याला सांगत होतो, खांदे सैल सोड.

तेवढ्यात क्रमांक ४७ मागून आले. सासरे पुढे, साडू मागे. थोडं गेले की सासरे बाजूला सरकायचे, साडू पुढे यायचा. थोडं गेलं की पुन्हा बदल. कोणी कोणाला सांगत नव्हतं. ट्रॉलीशी आले तसा सासऱ्यांनी मला हात केला. साडूने मला पाहिलं आणि पेडल थांबवलं. थांबणारच होता. मी हाताने खूण केली, जा. गेला.

फाटकात खुर्ची होती. मी क्रेट उतरवायला मदत केली.

७ मार्च, शनिवार. सकाळी ११.
सहा दिवस विचार केला. सॉरी कसं म्हणायचं ते कागदावर लिहून काढलं, दोनदा वाचलं आणि फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला त्याने. कागद समोर होता, पण त्यातलं काही बोललो नाही. एवढंच म्हटलं, उद्या सव्वापाचला ये, उद्या मी पुढे राहणार. पूर्ण बत्तीस किलोमीटर. तू नुसता मागे बस.

मग तो फार हळू बोलला. म्हणाला, भाऊ, आलो असतो, पण गुडघा दुखतोय.

आठ महिन्यांत त्या माणसाचं काही दुखलं नव्हतं. मी विचारलं, कुठला. डावा म्हणाला. मग म्हणाला, तसे दोन्ही.

मी शेक घ्यायला सांगितलं.