नाथाजीने कोरलेला बांध

मी, दादासो केरबा फाळके, वय एकाहत्तर, निवृत्त हवालदार, हल्ली धंदा शेती, राहणार मौजे तांबखडी, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर व राजीखुशीने करतो. दम्याने छाती वाजते, पण डोके शाबूत आहे. आणि आज मन इतके खूश आहे की यमाने जरा कळ काढावी.

व्यवस्थापक म्हणून पलटणीतले सोबती सुभेदार लालासाहेब व सांगलीचे हळदीचे व्यापारी जयपाल यांना नेमतो.

१. राहते घर, बैल, म्हैस व पोस्टातली शिल्लक माझी एकुलती मुलगी राहीबाई हिला. नवऱ्याने टाकल्यापासून माझी शेती तिनेच केली. भावकीने तिला हुसकू नये, एवढ्यासाठीच हा कागद.

२. डोंगरेश्वराच्या देवळाखालचे शेतही राहीचेच. त्यातला देवळाकडचा काळ्या मातीचा पट्टा माझा चुलतभाऊ नाथाजी याने दर नांगरटीला बांध कोरून गिळला होता. विचारले की म्हणे, "बांध हाय तिथंच हाय, दादा. तुमची नजर सरकली." यंदा तिथे महाबळेश्वरच्या गाड्यांसाठी हॉटेल काढायला त्याने विटाही टाकल्या. तोच सरकारने जुने देऊळ संरक्षित केले आणि पाटी ठोकली: आखलेल्या हद्दीत बांधकाम व खोदाई मना. ती हद्द बरोबर त्या पट्ट्यावर! मी उड्या मारायचा तेवढा राहिलो. जमीन सरकारजमा होणार, खटलाही होणार, अशा धास्तीने नाथाजी काल पळत आला. "आवं दादा, ही तुमचीच हाय. मी लय कोरला बांध. घ्या माघारी." आज सकाळी त्याने पंचांदेखत बांधाचे दगड स्वतःच्या हाताने जुन्या जागी रोवले.

३. या पट्ट्याचे काय करावे यावर दोघे व्यवस्थापक तावातावाने भांडले. सुभेदार म्हणाले, "मंजुरी काढू, हॉटेल आपणच बांधू. सरकारला भितो व्हय?" जयपाल कचेरीत चौकशी करून आले होते. ते म्हणाले, "मंजुरीच्या मागं राहीची हयात जाईल. नांगरायला, पेरायला बंदी न्हाई." मला जयपालचे पटले. म्हणून पट्ट्यात फक्त शाळू पेरावा. राहीचे नवे घर व विहीर हद्दीबाहेर, खालच्या अंगाला करावी. देवळाच्या दगडाला कोणी हात लावू नये.

४. माझे फावडे नाथाजीस. त्याचे बांध कोरून झिजले असेल.

ताजा कलम: वरील मजकूर वाचून दाखवताना कलम तीनला नाथाजी ताडकन उठला. "पेरायला बंदी न्हाई? मग मला कवा सांगणार हुता?"

मी म्हणालो, "दगड रोवून झाल्यावर, गड्या."

तो साक्ष न करताच निघाला. उंबऱ्यात राहीने अडवले. "काका, आबा गेल्यावर मला भावकीत तुमीच हाय. शाळूचा पयला हुरडा तुमच्या घरी धाडीन. करा सही."

नाथाजी उंबऱ्यातून माघारी वळला. मग त्याने पेन मागितले. माझी लेक आता कोणाला हटत नाही. मी सुखाने डोळे मिटीन.

मौजे तांबखडी, ९ ऑगस्ट १९७६

सही: दादासो केरबा फाळके

साक्षीदार:
१. सुभेदार लालासाहेब (हॉटेल झाले असते, हे मत कायम)
२. नाथाजी फाळके (फावडे पोचले. हुरडा यायचा आहे)